ब्रेक्झिट: एका चौकोनात कोंबलेले चार प्रश्न

"ब्रेक्झिटवरून नक्की भांडण कशाचं होतं?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाठवला होता. ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय. बोलताना मी जरा भरकटलो होतो, इथे सरळ रस्त्याने जातो.

२३ जून २०१६. ब्रिटनमध्ये सार्वमत. मतपत्रिकेवर प्रश्न एकच: युनायटेड किंगडमने युरोपियन युनियनमध्ये राहावं की बाहेर पडावं? खाली दोन चौकोन. निकाल लागला: बाहेर पडा ५१.९ टक्के, राहा ४८.१ टक्के. म्हणजे साधारण १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. आपल्याकडे तेव्हा "इंग्रज येडे झाले की काय" असा सूर होता, आणि आजही मीम्समध्ये तो असतो. मला तो पटत नाही. लोक येडे नव्हते, प्रश्न अर्धवट होता.

'राहा' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रिटन १९७३ पासून आत होताच, चाललंय तसं चालू ठेवायचं. पण 'बाहेर पडा' म्हणजे? नॉर्वेसारखं? नॉर्वे युनियनमध्ये नाही, पण सिंगल मार्केटमध्ये आहे. म्हणजे बाजाराचे नियम युरोपचे, लोकांना कुठेही जाऊन काम करायची मुभा, आणि वर पैसेही भरायचे. की तुर्कस्तानसारखं? तिथे बहुतेक औद्योगिक मालासाठी कस्टम्स युनियन आहे, म्हणजे एकमेकांच्या मालावर जकात नाही आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांची जकात सारखी. की कॅनडासारखा नुसता व्यापार करार? की कसलाच करार नको, जागतिक व्यापार संघटनेचे नियम पुरेत? चार वेगवेगळे देश होतील इतका यांच्यात फरक आहे, आणि या चौघांची मतं एकाच चौकोनात पडली.

आमच्या धंद्यात असा क्लायंट नेहमी भेटतो. "ही सिस्टीम नकोय" यावर सगळं ऑफिस एकमत, आणि "मग काय हवंय?" विचारलं की मीटिंग संपत नाही.

आता प्रचारातले मुद्दे. बाहेर पडणाऱ्यांची ती लाल बस आठवत असेल: आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ. आकडा दिशाभूल करणारा होता, आणि तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने तसं सांगितलंही. कारण मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये मिळवलेली सूट आधीच वजा व्हायची. ते पैसे देशाबाहेर जातच नव्हते. सूट धरली तर आकडा २५ कोटींच्या आसपास येतो, आणि त्यातलेही बरेच शेतकऱ्यांना वगैरे परत मिळायचे. पण गंमत बघा. विरोधक टीव्हीवर येऊन "३५ नाही हो, २५ कोटी" असं म्हणायचे, आणि घरी बसलेल्या माणसाला एवढंच ऐकू यायचं की आपले दर आठवड्याला कोट्यवधी पौंड जातायत. खोडून काढता काढता यांनीच तो आकडा घरोघर पोचवला.

राहा म्हणणारेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांच्या खात्याने सांगितलं की २०३० पर्यंत दर कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचा फटका बसेल. हा आकडा कसा काढला? देशाचं अंदाजे नुकसान भागिले कुटुंबांची संख्या. कुणाच्या पगारातून ४,३०० पौंड कापले जाणार असा त्याचा अर्थ नव्हता, पण पोस्टर वाचून तसंच वाटायचं. शिवाय निकालानंतर लगेच मंदी येईल असंही भाकीत होतं, आणि ती काही आली नाही. माझ्या मते प्रचारातली ही सगळ्यात महागडी चूक. लोकांनी मग तज्ज्ञांचं बाकीचंही ऐकायचं सोडलं. नुकसान खरंच होतं, पण हळूहळू मुरणारं. सरकारी अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा अंदाज असा की दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील. असला आकडा बसवर लिहून मत मिळत नाही.

आणि ज्यांनी 'बाहेर' म्हटलं त्यांना दुखणं होतं, हेही मान्य करू या. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश युनियनमध्ये आले तेव्हा फ्रान्स-जर्मनीने आपले दरवाजे काही वर्षं किलकिलेच ठेवले, ब्रिटनने सताड उघडले. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त माणसं आली. लिंकनशरमधल्या बॉस्टन या शेतीच्या पट्ट्यातल्या गावात पूर्व युरोपातले मजूर मोठ्या संख्येने आले होते, तिथे ७५ टक्क्यांहून जास्त मतं 'बाहेर'ला पडली. त्यांना लंडनमधल्या कुणीतरी जीडीपी समजावून काय होणार होतं?

आता आपल्या जवळची गोष्ट. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. कितीतरी गोंयकारांनी ते घेतलं, आणि युरोपचा पासपोर्ट हातात आल्यावर थेट ब्रिटन गाठलं. लंडनमधलं साउथॉल आणि तिकडे पश्चिमेला स्विंडन, इथे त्यांची मोठी वस्ती आहे. सार्वमतात मत कुणाला होतं? ब्रिटिश, आयरिश आणि ब्रिटनमध्ये राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक यांना. म्हणजे दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर गेलेला, भारतीय पासपोर्टवाला पुण्याचा इंजिनिअर मत देऊ शकत होता. दहा वर्षं स्विंडनमध्ये राबणारा पोर्तुगीज पासपोर्टवाला गोंयकार नाही. ज्याचं सगळं पणाला लागलं होतं त्यालाच चौकोन नव्हता. (स्विंडनचा कौल 'बाहेर पडा'.)

पुढे या लोकांना राहण्याच्या हक्कासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करावा लागला. पासपोर्टची चिप वाचणारं सरकारी ॲप सुरुवातीला फक्त अँड्रॉइडवर चालायचं, आयफोनवाल्यांनी दुसऱ्याचा फोन मागायचा. आणि हक्क मिळाल्यावर हातात कार्ड नाही, सगळं ऑनलाइन. घरमालकाला दाखवायला वेबसाइटवरून कोड काढून द्यायचा. सर्व्हर डाउन असेल त्या दिवशी आपला हक्क कुठे असतो, हा प्रश्न मला झोपू देत नाही, पण तो वेगळ्या एपिसोडचा विषय.

सगळ्यात अवघड गाठ आयर्लंडची. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, बाकीचं आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये, मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथल्या चौक्या गेल्या. आता तीन मागण्या बघा. एक, ब्रिटनने सिंगल मार्केट आणि कस्टम्स युनियन दोन्ही सोडायचं. दोन, आयर्लंड बेटावर पुन्हा नाके नकोत. तीन, उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनमध्येही तपासणी नको. यातल्या कुठल्याही दोन पूर्ण होतात, तिन्ही एकदम होत नाहीत. कितीही हुशार माणूस बसवा, हे गणित सुटत नाही. मतदानाच्या दोन आठवडे आधी जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर हे दोन माजी पंतप्रधान डेरीला जाऊन या धोक्याबद्दल बोलले होते. इंग्लंडात ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. १५ जानेवारी २०१९ ला थेरेसा मे यांचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. मार्चमध्ये खासदार म्हणाले, आम्हीच ठरवतो. २७ मार्चला आठ पर्याय मांडले, आठही पडले. १ एप्रिलला चार मांडले, चारही पडले, त्यात कस्टम्स युनियनचा अवघ्या ३ मतांनी. सार्वमतात न विचारलेला प्रश्न तीन वर्षांनी संसदेत आला आणि तिथेही कशालाच बहुमत नव्हतं. शेवटी बोरिस जॉन्सन यांनी तिसरी मागणी सोडली, तपासणी आयरिश समुद्रात आली, आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं.

स्थलांतराचं काय झालं? युरोपातून येणारे घटले, पण नव्या व्हिसा नियमांमुळे भारत, नायजेरियासारख्या देशांतून येणारे इतके वाढले की २०२३ मध्ये निव्वळ स्थलांतर वर्षाला ९ लाखांच्या वर गेलं, सार्वमताच्या वेळेपेक्षा दुपटीहून जास्त. आज पाहण्यांमध्ये बहुतेक ब्रिटिश म्हणतात की बाहेर पडणं चुकलं. तरी २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने जाहीरनाम्यातच लिहून टाकलं होतं की सिंगल मार्केट नाही, कस्टम्स युनियन नाही. 'परत चला' म्हणणाऱ्यांनाही मी तोच जुना प्रश्न विचारेन: परत म्हणजे कुठे? थॅचरबाईंची सूट आता मिळेल का? पौंड ठेवू देतील की युरो घ्यायला लावतील?