पोरगं कुस्ती हरलं, घरी काय बोललात?

गेल्या वर्षी गावच्या जत्रेत माझ्या मुलाने पहिली कुस्ती केली. वय अकरा, तालमीत जाऊन जेमतेम आठ महिने झालेले. समोरच्या पोराने एकेरी पट काढला आणि मिनिटभरात आमचे चिरंजीव चितपट! परतीच्या एसटीत मी त्याला म्हणालो, "एवढा खुराक घातला, तो काय याच्यासाठी?"

पोरगा गप्प राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखू लागले. तालमीची वेळ टळली की दुखणेही थांबायचे. पंधरा दिवसांनी वस्ताद घरी आले. पोराने त्यांना सारे सांगितले होते. चहा घेता घेता ते म्हणाले, "भाऊसाहेब, पोरगं आखाड्यात पडलं ते लगेच उठलं. एसटीत पडलं ते अजून उठलेलं नाही."

ते शब्द मनाला लागले. माझे आजोबा जत्रेतली कुस्ती लांबून बघत. आखाड्यात उतरायची सोय नव्हती, कारण कुस्तीत अंगाला अंग लागते! आज माझा मुलगा कुणाच्याही पोराशी खांद्याला खांदा भिडवतो आणि एकाच हौदातली माती दोघांच्या अंगाला लागते. म्हणूनच त्याने जिंकावे याची मला घाई झाली होती. मी कारकून माणूस, जमा-खर्च मांडणारा. पण आजोबांची बाकी मी अकरा वर्षांच्या पोराच्या खात्यावर टाकली, ही माझी चूक.

बांधवांनो, खाशाबा जाधवांचे उदाहरण पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत तयार झाला. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा मॅटची सवय नव्हती. सहाव्या क्रमांकावर राहिला. १९५२ साली हेलसिंकीत त्याच मल्लाने कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनहून परतल्यावर त्यांनी लांग खुंटीला टांगली असती तर?

ज्यांना मुले तालमीत घालायची आहेत, त्यांना ठेच खाऊन शिकलेल्या चार गोष्टी सांगतो.

सात-आठ वर्षांच्या मुलाला आधी तालमीत खेळू द्या. कोलांट्या, धावणे, दोरीवर चढणे आणि इजा न होता पडायचे कसे, एवढे शिकले तरी पुष्कळ. पहिली एक-दोन वर्षे इनामाचा विषय घरात काढू नका.

तालीम निवडताना तिथे दोन संध्याकाळी जाऊन बसा. जोड वयाने आणि वजनाने सारखी लावतात का, मॅट रोज पुसतात का, हे बघा. हरलेल्या पोराशी वस्ताद कसे बोलतात, तेही ऐका. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, म्हणून मातीबरोबर मॅटचाही सराव हवा. घरी आल्यावर साबण लावून अंघोळ, कापलेली नखे आणि रोज धुतलेली लांग, हे आईवडिलांनी बघायचे. अंगावर नायटा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. बरा होईपर्यंत कुस्ती बंद, नाहीतर सगळ्या तालमीला लागण होते.

खुराक परवडत नाही म्हणून वस्तीतली कितीतरी मुले तालीम सोडतात. लहान वयात बदाम-थंडाईवाचून काही अडत नाही. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, डाळ, भाकरी, अंडी आणि जमेल तेव्हा मासळी-मटण, एवढ्यावर पोर चांगले वाढते. ताकदीच्या पावडरी आणि इंजेक्शने यांच्या वाटेला जाऊ नका. वजनगटात बसावे म्हणून मुलाला उपाशी ठेवू नका. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि त्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून बाद झाली. रात्रभर धडपड करूनही काटा खाली आला नाही. मोठ्या मल्लांचे हे हाल, मग वाढत्या अंगाच्या पोराचे काय? त्याला सरळ वरच्या गटात खेळवा.

माता-भगिनींनो, मुलींनाही पाठवा. २०१६ साली रिओत साक्षी मलिकने कांस्यपदक जिंकले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला मल्ल. पण २०२३ साली याच महिला मल्लांना लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले, हेही विसरू नका. कपडे बदलायला स्वतंत्र खोली आहे का, परगावी स्पर्धेला सोबत कोण बाई जाते, हे आईने बेधडक विचारावे. विचारल्याचा राग येणाऱ्या तालमीत मुलगी घालू नये.

परीक्षेच्या दिवसांत सराव कमी करा, पण पूर्ण तोडू नका. एकदा मोडलेली सवय पुन्हा लावणे जड जाते.

वस्ताद येऊन गेले त्या रात्री मी मुलाला म्हणालो, "बाळा, चूक माझी होती." तो काही बोलला नाही. पण तिसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेली लांग जागेवर नव्हती. त्यानंतर तो दोन कुस्त्या हरला, एक बरोबरीत सुटली. तो घरी आला की मी आता एकच विचारतो, "आज कुठला डाव शिकलास?" मग तो मलाच धरून दाखवतो. परवा स्वयंपाकघराच्या दारात त्याने माझा पट काढला आणि त्याची आई हसून हसून खाली बसली.