सख्खा भाऊ, तरी मॅच नाही

थॅलेसेमिया किंवा रक्ताचा कॅन्सर झालेल्या लेकराला घेऊन आपल्याकडची कुटुंबं अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी चेन्नईला, नाहीतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला जातात. भावंडांच्या रक्ताचे नमुने दिले की गावाकडून फोन सुरू होतात : ‘सख्खा भाऊ आहे, न जुळायला काय झालं?’ आणि रिपोर्टमध्ये जुळलं नाही, तर त्या भावाकडे बघण्याची घरातली नजर बदलते. कुणी बोलून दाखवत नाही, पण पोराला ते कळतं. त्या पोराची चूक काडीचीही नसते, हे आधी सांगायला हवं.

जुळवून बघतात ते काय? आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. ही पेशी आपली की परकी, हे शरीर त्यांच्यावरून ओळखतं. फ्रान्सच्या ज्याँ दॉसे यांनी त्यातलं पहिलं प्रथिन 1958 मध्ये शोधलं. 1980 च्या नोबेलचे ते एक मानकरी होते. या प्रथिनांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली असतात, म्हणून बहुतेक वेळा अख्ख्या गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. वडिलांकडे दोन गठ्ठे, आईकडे दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक मिळतो. म्हणजे जोड्या चारच होतात. रुग्णाला मिळाली तीच जोडी भावंडाला मिळण्याची शक्यता 25 टक्के, एकच गठ्ठा सारखा असण्याची 50 टक्के, आणि एकही सारखा नसण्याची पुन्हा 25 टक्के.

‘चार भावंडं आहेत, एक तरी जुळेलच’ हा हिशोबही चुकतो. प्रत्येक भावंडाच्या वेळी वाटप नव्याने होतं. दोन भावंडं तपासली तर निदान एक जुळण्याची शक्यता साधारण 44 टक्के, तीन तपासली तर 58. चार तपासूनही जवळजवळ तिनातल्या एका घरात कुणीच जुळत नाही. चेहरा हुबेहूब असला तरी त्यावरून काही ठरत नाही. रक्तगटावरूनही नाही, कारण रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. ‘बी पॉझिटिव्ह’ भाऊ ‘ओ पॉझिटिव्ह’ बहिणीला मज्जा देऊ शकतो, आणि ती रुजली की काही महिन्यांत बहिणीचा रक्तगटच बदलून भावाचा होतो. थॅलेसेमिया मायनर असलेलं भावंडही जुळत असेल तर दाता होऊ शकतं. ‘त्यालाही थोडा आहे’ म्हणून त्याला आधीच वगळू नये.

सगळ्यात जास्त घात करते ती भीती, आणि त्यात आपल्या मराठी शब्दांचाही वाटा आहे. हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणारा मऊ गर म्हणजे अस्थिमज्जा. पाठीच्या कण्यातून जाणारा चेतातंतूंचा जुडगा म्हणजे मज्जारज्जू. दोन्हींत ‘मज्जा’ आहे, पण एकीचा दुसऱ्याशी संबंध नाही. तरी ‘मज्जा काढणार’ म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढे पाठीच्या मणक्यातली सुई उभी राहते आणि मागोमाग लुळं पडण्याची धास्ती येते. प्रत्यक्षात दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या भागातून मज्जा घेतात. मज्जारज्जूला कुणी हात लावत नाही. काही दिवस कंबर ठणकते, आणि काढलेली मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. दुसऱ्या पद्धतीत चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्यामुळे मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. मग हातातून रक्त घेऊन यंत्राने त्या वेगळ्या काढतात, प्लेटलेट देताना करतात तसंच. लग्न झालेली बहीण जुळली की सासरी कुजबुज होते : हिला पुढे मूल होईल ना? मज्जादानाने गर्भधारणेला बाधा येत नाही. डॉक्टरांनी हे नवऱ्यासमोर आणि सासूसमोर बसून सांगावं असं मला फार वाटतं.

भावंडाच्या मज्जेने उपचार ही आपल्याकडे आता नवी गोष्ट राहिलेली नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 20 मार्च 1983 रोजी नऊ वर्षांच्या मुलीवर असं प्रत्यारोपण झालं, आणि वेल्लोरला 1986 मध्ये सुरुवात झाली.

आणि न जुळलं तर? पूर्वी तिथे बऱ्याचदा वाट संपायची. आता निम्म्या जुळणीचं प्रत्यारोपण होतं. आई आणि वडील दोघेही मुलाशी निदान निम्मे जुळतातच. दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड हे औषध द्यायची रीत रुळल्यापासून या मार्गातला धोका बराच कमी झाला, तरी धोका नाही असं म्हणता येणार नाही. तमिळनाडूत मामा-भाचीची आणि आपल्याकडे मामेबहिणीशी लग्नं होत आली आहेत. अशा घरात नवरा-बायकोत एक गठ्ठा समान असू शकतो, म्हणून क्वचित आई किंवा वडीलच पूर्ण जुळतात, कधी चुलत-मावस भावंड जुळतं. नात्यात लग्न झालेलं असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. लाजायचं काही नाही, शोधाची दिशा त्यावरूनच ठरते. नात्यात कुणीच नसेल तर अनोळखी दात्यांची नोंदणी असते. चेन्नईत 2009 मध्ये सुरू झालेली ‘दात्री’ ही अशीच संस्था. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात आणि त्यावरून एचएलए तपासून नाव नोंदवतात.

एक गैरसमज मात्र मायेपोटीच होतो. लेकराला रक्त लागलं की काका, मामा, भाऊ रांगेत उभे राहतात : ‘आपल्याच माणसाचं रक्त द्या.’ प्रत्यारोपण होण्याची शक्यता असेल तर हे टाळायचं असतं. नातेवाइकाचं रक्त किंवा प्लेटलेट चढवल्या तर रुग्णाचं शरीर त्या घराण्याच्या प्रथिनांविरुद्ध आधीच सज्ज होऊ शकतं, आणि पुढे त्याच घरातली मज्जा नाकारू शकतं. मॅच न झालेल्या भावाने रुग्णालयाच्या रक्तपेढीत रक्त जरूर द्यावं. त्याची पिशवी दुसऱ्या वॉर्डातल्या कुणा परक्या मुलाला जाईल, आणि त्याच्या आजारी भावंडाला परक्याची मिळेल.