आमच्या शिवणवर्गाचं व्हिडिओघर

प्रिन्सेस कट ब्लाउजचं कटिंग एकदा बघून कुणालाच येत नाही. म्हणून वर्गात मोबाइलवर व्हिडिओ काढायचे आणि एका मोठ्या संकेतस्थळावर टाकायचे, असं सुरू केलं. मुली घरी पुन्हा पुन्हा बघायच्या. पण मापं घेतानाच्या एका व्हिडिओखाली अनोळखी लोकांनी असले शेरे मारले, की दोघींच्या घरच्यांनी त्यांचा वर्गच बंद केला. तक्रारीला उत्तर नाही. मग ठरवलं, जागाच आपली हवी.

भाच्यानं पीअरट्यूबचं नाव सांगितलं. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या ना-नफा संस्थेचं हे सॉफ्टवेअर. पहिली पक्की आवृत्ती २०१८ च्या ऑक्टोबरात आली. फुकट आहे, पण ते ठेवायला सर्व्हर आपला लागतो. घरचा जुना संगणक चालला असता, पण आमच्याकडे विजेचा काय भरवसा! म्हणून सर्व्हर महिन्याच्या भाड्यानं घेतला आणि डोमेन, म्हणजे पत्त्याचं नाव, नोंदवलं. मैत्रिणींनो, हे नाव नीट विचार करून घ्या. एकदा पीअरट्यूब सुरू झालं की ते बदलणं फार जिकिरीचं.

'कंटेनर' म्हटल्यावर मला बंदरावरची जहाजंच आठवली. पण हा तर आपला जेवणाचा डबा! एका पुडातला रस्सा दुसऱ्यात सांडत नाही, तसंच. एक पूड खुद्द पीअरट्यूबचं, दुसरं खाती आणि नोंदी सांभाळणाऱ्या पोस्टग्रेसचं, तिसरं हाताशी लागणारी माहिती धरून ठेवणाऱ्या रेडिसचं, चौथं दारावर बसलेल्या एन्जिनएक्सचं. टपालाचं वेगळंच. ही पुडं सांभाळतं ते डॉकर. कुठलं पूड कुठे लावायचं याची चिठ्ठी, म्हणजे कंपोज फाइल, पीअरट्यूबवालेच देतात. आपण डोमेन, ईमेल, पासवर्ड भरायचे आणि 'डॉकर कंपोज अप' अशी आज्ञा द्यायची. मालकिणीचा पहिला पासवर्ड लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, सापडतो. तो लगेच बदला.

बाहेरच्यांनी खातं उघडायची सोय मी बंद ठेवलीय. मुलींची खाती मीच उघडते. व्हिडिओ 'अंतर्गत' ठेवला की खातं असलेलीलाच दिसतो. पाहणाऱ्यांनी आपसात व्हिडिओचे तुकडे वाटून घ्यायची पीअरट्यूबची सोय आहे, तीही बंद केली, कारण त्यात एकीचा इंटरनेट-पत्ता दुसरीला कळू शकतो. शेरे मात्र चालू आहेत. आता तिथं 'ताई, मुंढा परत दाखवा ना' असं येतं! दोघींपैकी एक वर्गात परत आली, दुसरीच्या सासूबाई अजून विचार करताहेत.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक व्हिडिओच्या लहानमोठ्या प्रती बनतात, त्यात वेळही जातो आणि जागाही. मी ४८० आणि ७२० एवढ्या दोनच ठेवल्यात. खडूची रेघ ७२० वर स्वच्छ दिसते. व्हिडिओ पुडात नव्हे, सर्व्हरवरच्या फोल्डरात राहतात. त्याची आणि पोस्टग्रेसमधल्या नोंदींची प्रत दर रविवारी घरच्या हार्ड डिस्कवर घेते, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत.