शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू? एका प्रसिद्ध आकड्याची वंशावळ



"माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशींपेक्षा दहापट जास्त जिवाणू असतात." हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. व्हॉट्सअ‍ॅपवर, 'थक्क करणाऱ्या गोष्टी' छापाच्या पुस्तकांत, आणि गंमत म्हणजे चांगल्या जर्नल्समधल्या पेपरांच्या प्रस्तावनेतही ते वर्षानुवर्षं छापून आलंय. पण ते बरोबर नाही. ते चुकलं कसं आणि पकडलं गेलं कसं, हे संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने एकदा बघावं असं मला वाटतं. कारण उद्या तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर असाच एखादा आकडा असणार आहे.

आकडे मोठे आहेत, म्हणून आपण लाख कोटीत बोलू. १ लाख कोटी म्हणजे १ वर १२ शून्यं.

आकडा आला कुठून?

१९७२ मध्ये थॉमस लकी यांनी एक झटपट अंदाज मांडला. आतड्यातल्या एक ग्रॅम ऐवजात साधारण १० हजार कोटी जिवाणू असतात, आणि पचनमार्गात असा ऐवज धरू एक किलो. गुणाकार केला की आले १०० लाख कोटी. पुढे १९७७ मध्ये ड्वेन सॅव्हेज यांनी एका आढावा लेखात या आकड्याशेजारी माणसाच्या पेशींचा आकडा ठेवला: १० लाख कोटी. झालं, १० : १!

त्यानंतरच्या पेपरांनी सॅव्हेजचा दाखला दिला, त्यांच्यानंतरच्यांनी त्या पेपरांचा. जवळजवळ चार दशकं साखळी वाढत गेली, पण मूळ गुणाकार पुन्हा करून बघणारे फार थोडे. २०१४ मध्ये ज्यूडा रोसनर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी एका छोट्या पत्रात या आकड्याला आधार काय, असा सरळ प्रश्न विचारला.

सीबीसी रिपोर्टवरून पडताळा

यातला अर्धा भाग तपासायला प्रयोगशाळाही लागत नाही. घरातल्या कुणाचा तरी सीबीसीचा, म्हणजे रक्ततपासणीचा रिपोर्ट काढा. निरोगी पुरुषाचा आरबीसी काउंट दर मायक्रोलीटरला ५० लाखांच्या आसपास असतो. एका लीटरमध्ये १० लाख मायक्रोलीटर, म्हणजे लीटरमागे ५ लाख कोटी लाल पेशी. शरीरात रक्त सुमारे ५ लीटर. म्हणजे नुसत्या लाल रक्तपेशीच झाल्या २५ लाख कोटी!

आता सांगा, एकूण पेशी १० लाख कोटी कशा असतील? दोन ओळींचा हिशेब, पण तो करायचं आपल्याला सुचत नाही, कारण आकडा 'छापलेला' असतो.

नवीन हिशेब काय सांगतो?

२०१६ मध्ये रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी दोन्ही बाजू पुन्हा मोजल्या. लकींच्या अंदाजातली अडचण अशी होती की त्यांनी मोठ्या आतड्यातली दाट वस्ती सगळ्या पचनमार्गाला लावली. प्रत्यक्षात जठर आणि लहान आतड्यात जिवाणू खूपच विरळ असतात, आणि मोठ्या आतड्यातला ऐवज भरतो जेमतेम ४०० मिलिलीटर. त्यामुळे ७० किलोच्या 'प्रमाण पुरुषा'साठी उत्तर आलं: जिवाणू ३८ लाख कोटी, माणसाच्या पेशी ३० लाख कोटी. गुणोत्तर साधारण १.३ : १. या सगळ्या जिवाणूंचं वजन सुमारे २०० ग्रॅम.

दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की एकदा शौचाला जाऊन आलं की पारडं माणसाच्या बाजूला झुकू शकतं, असं लेखकांनीच नमूद केलंय. मला तर मूळ 'दहापट'पेक्षा हे जास्त थक्क करणारं वाटतं.

पण इथे एक मेख आहे. आपल्या पेशींपैकी ८४ टक्के या लाल रक्तपेशी, आणि त्यांना केंद्रक नसतं. तुम्ही फक्त केंद्रक असलेल्या पेशी मोजल्यात तर त्या भरतात सुमारे ३ लाख कोटी, आणि गुणोत्तर पुन्हा १० : १ च्या आसपास जातं! म्हणजे आकड्याआधी व्याख्या. 'पेशी' म्हणजे नेमकं काय मोजलं, हे लिहिल्याशिवाय गुणोत्तराला अर्थ नाही.

आणि हो, गुणोत्तर कमी झालं म्हणून आतड्यातल्या जिवाणूंचं महत्त्व कमी होत नाही. ते काय काम करतात यावर महत्त्व ठरतं, डोक्यांच्या मोजणीवर नाही.

चूक फक्त आकड्यांतच होते असं नाही

जिभेचा तो नकाशा आठवतोय? गोड टोकाला, कडू मागे वगैरे. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेत थोडासा फरक दिसला होता. १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांच्या पुस्तकातल्या आलेखात हा फरक किती छोटा आहे ते कळेनासं झालं, आणि वाचणाऱ्यांनी जिभेचे चक्क प्रांत पाडले. जिभेच्या टोकावर मीठ ठेवून बघा, खारट लागतंच!

मग आपण काय करायचं?

१. दाखल्याचा दाखला शोधा. पेपरमधलं वाक्य ज्या संदर्भावर उभं आहे तो उघडा, मग त्याचा संदर्भ. मोजमाप सापडेपर्यंत थांबू नका.

२. ते मोजमाप आहे की अंदाज, हे वहीत नोंदवा. लकींचा अंदाज होता, आणि त्यात गैर काहीच नाही. गैर झालं ते तो मोजमाप म्हणून पुढे गेला तेव्हा.

३. कागदावर ढोबळ हिशेब करा. दहापट चूक साध्या गुणाकारातही पकडली जाते.

४. खंडनही तपासा. 'पालकातल्या लोहाचा आकडा दशांश चिन्ह चुकल्याने फुगला' ही गोष्ट १९८१ मध्ये एका वैद्यकीय जर्नलमध्ये आली आणि गाजली. पुढे शोध घेतल्यावर त्या दशांश चिन्हाच्या चुकीचा पुरावाच सापडला नाही!

आकडा प्रस्तावनेत नुसता शोभेला असेल तर कदाचित निभावून जाईल. पण त्यावर तुमचा नमुना किंवा डोस ठरणार असेल, तर तीन वर्षांचं काम त्या एका ओळीवर उभं राहतं. व्हायवाला "हा आकडा कुठून आला?" असं विचारलं, तर "सगळे हाच देतात" हे उत्तर चालत नाही.

तेव्हा आजच तुमच्या सिनॉप्सिसमधला सर्वात आकर्षक आकडा निवडा आणि त्याची वंशावळ काढायला बसा.