सायकलचा तोल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सायकल शिकवणाऱ्यांमध्ये सर्वांत दृढ झालेला समज असा, की तोल शरीराने सांभाळायचा असतो आणि त्यासाठी शिकणाऱ्याने ताठ बसून हँडल घट्ट व सरळ धरावे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवले, की चाके पुन्हा स्वार आणि सायकल यांच्या गुरुत्वमध्याखाली, म्हणजे सर्व वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूखाली, येतात आणि पडणे टळते. अनुभवी स्वारही ही दुरुस्ती सतत आणि नकळत करीत असतो. हँडल जखडून टाकले तर निष्णात स्वारालाही सायकल फार काळ उभी ठेवता येत नाही.

फिरणाऱ्या चाकांमुळेच सायकल भोवऱ्याप्रमाणे उभी राहते, हे प्रचलित स्पष्टीकरणही अपुरे आहे. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेने फिरणारे दुसरे चाक बसवून हा परिणाम जवळजवळ नाहीसा केला, तरीही ती सायकल चालवता आली. 2011 मध्ये अमेरिकी व डच संशोधकांनी तर या परिणामाचा आधार नसलेली, स्वाराविना स्वतःचा तोल सावरणारी छोटी सायकलच तयार करून दाखवली.

मागच्या चाकाला लावलेली आधाराची छोटी चाके तोल शिकवतात, या समजाने शिकणाऱ्याचे सर्वाधिक नुकसान होते. ही चाके सायकलला कलूच देत नाहीत, आणि कलल्याशिवाय हँडलने सावरण्याचा सराव घडत नाही. शिवाय दुचाकीला डावीकडे वळवायचे तर आधी हँडल क्षणभर उजवीकडे जाऊन सायकल डावीकडे कलावी लागते. आधाराच्या चाकांवर बसलेले मूल मात्र तीनचाकीप्रमाणे वळण्याची सवय लावून घेते, जी पुढे मोडावी लागते.

पेडल मारणे हा पहिला धडा आहे, हेही खरे नाही. 1817 मध्ये जर्मनीतील कार्ल ड्राइस याने बनवलेल्या दुचाकीला पेडल नव्हतेच. स्वार पायांनी जमीन ढकलत पुढे जाई, आणि पेडलची सायकल 1860 च्या दशकात रूढ झाली. शिकवण्याचा योग्य क्रमही हाच आहे. दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्यावी, पेडल काढून ठेवावेत (डाव्या पेडलचे आटे उलटे असल्याने ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सैल होते) आणि हलक्या उतारावर पाय उचलून घरंगळण्याचा सराव द्यावा. एका पेडलवर पाय ठेवून दुसऱ्या पायाने जमीन रेटत मोठी सायकल शिकणारी मुले याच तत्त्वाने शिकतात.

अतिशय हळू चालवणे सुरक्षित वाटते, परंतु वेग कमी असताना सावरण्यासाठी हँडल अधिक वळवावे लागते, त्यामुळे नवशिक्याची सायकल तेव्हाच जास्त डगमगते. मदतनिसानेही हँडल धरू नये. खांद्यांना किंवा पाठीला हलका आधार द्यावा.

मोठेपणी सायकल येत नाही, हा समज मात्र केवळ संकोचातून टिकून आहे : तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, आणि त्यांत अनेक प्रौढ होत्या.