पानगे भाजणाऱ्यांच्या मुलखात ओव्हनमधली मासोळी

वऱ्हाडात मासोळी बहुतेक घरी रविवारची. रोहू किंवा कटला घरी आला की कांदा आणि सुकं खोबरं भाजायचं, खसखस-लसणासकट वाटायचं, तेल सुटेपर्यंत परतायचं, मग तर्रीचा रस्सा. जोडीला चार तुकडे तळायचे. यात दीड-दोन तास सहज जातात, ओटा तेलकट होतो आणि तळणाचा वास घरभर राहतो. साहजिकच सोमवार ते शुक्रवार मासे बाद आणि दमून घरी आल्यावर खिचडी, नाहीतर बाहेरून मागवलेलं काहीतरी. माझ्या मते यात मासोळीचा दोष नाही, तिच्यासाठी आपण धरून बसलेल्या एकाच पद्धतीचा आहे. कामाच्या दिवशी मासा केळीच्या पानात गुंडाळून ओव्हनमध्ये भाजावा. वऱ्हाडात मिळणाऱ्या माशाला ही रीत मानवते आणि इथल्या चुलीलाही ती परकी नाही.

शिजण्याच्या बाबतीत मासा मटणाच्या अगदी उलट आहे. जनावराच्या मांसात स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट ऊतक भरपूर असतं. ते मऊ पडायला तासभर रटरटावं लागतं. माशाचं वजन पाणीच पेलतं, त्यामुळे त्याच्या अंगात हे ऊतक फार थोडं, आणि तेही कमी उष्णतेला विरघळणारं. तुकड्याच्या मध्यभागी साठ-पासष्ट अंश सेल्सिअस तापमान पोचलं की मासा शिजला. त्यापुढे आतला रस निघून जातो आणि तुकडा कोरडा पडतो. म्हणजे रविवारचे ते दोन तास मसाल्याला लागतात, माशाला नाही. तळायलाही वेळ थोडाच लागतो, पण तेवढा वेळ कढईसमोरून हलता येत नाही. ओव्हनमध्ये ठेवलेल्या माशाला ढवळावं लागत नाही, उलटावं लागत नाही. तेवढ्या वेळात भाकरी थापून होते किंवा पोरांचा अभ्यास पाहून होतो. ही सवलत मी मोठी मानते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७, असं आढळलं. पानात मासा बांधून ओव्हन लावणं इतकं सोपं आहे की घरी जो आधी येईल त्याने ते करावं. रश्श्याचा हात जमला नाही ही सबब इथे चालत नाही.

आता मासा कोणता? पापलेट-सुरमईच्या पाककृती वाचून अकोल्यात तेच शोधत बसण्यात अर्थ नाही. मुंबईहून ते बर्फात जवळपास सहाशे किलोमीटर येतात, महागही पडतात. इथला खरा मासा धरणांतला: मोर्शीजवळच्या अप्पर वर्ध्याचा, महानच्या काटेपूर्णेचा, तेल्हाऱ्याकडच्या वानचा. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचं प्रजनन यशस्वी करून दाखवलं. तेव्हापासून नदीतून बीज गोळा करण्यावरचं अवलंबित्व सरत गेलं आणि धरणाधरणांत बोटुकली सोडता येऊ लागली. (१० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे तो यामुळेच.) या माशांवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे चिखलाचा वास. तो खरा आहे. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. ते माशाच्या कातडीत आणि कातडीखालच्या गडद मांसात साठतं. मात्र जिओस्मिन आंबटापुढे टिकत नाही, म्हणून माशाला लिंबू किंवा चिंच लावायची जुनी सवय शास्त्राला धरूनच आहे. बाळापूर तालुक्यातलं वाडेगाव लिंबासाठी प्रसिद्ध, आणि अंबाडीचा पाला तर आपल्या बाजारात असतोच. आंबटाची इथे वाण नाही.

रोहूत चरबी कमी, त्यामुळे उघड्या ट्रेवर तो वाळतो. यावर पान हा उत्तम उपाय आहे. पळसाच्या पानांमध्ये कणीक थापून गोवऱ्यांच्या आरावर पानगे भाजतात, त्यात पान हेच करतं: धग आत जाऊ देतं, ओल बाहेर जाऊ देत नाही. अकोट, अंजनगाव सुर्जीकडे केळीच्या बागा आहेत, तेव्हा पान मिळणं अवघड नाही. ते आचेवरून फिरवलं की लवचिक होतं आणि घडी घालताना फाटत नाही. चौघांसाठी किलोभर माशाचे इंचभर जाड तुकडे करावेत. मीठ, हळद आणि लिंबाचा रस लावून पंधरा मिनिटं ठेवावेत. आंबटात जास्त वेळ राहिले तर मांस पिठूळ होतं. मग लसूण, हिरवी मिरची, सांभार आणि मूठभर अंबाडीचा पाला वाटून, त्यात दोन चमचे तेल घालून तुकड्यांना चोळावं. रविवारचं भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण फ्रीजमध्ये ठेवलेलं असेल तर तेही चालतं. कॅनडाच्या मत्स्यव्यवसाय खात्याने रूढ केलेला ठोकताळा असा की कडक तापलेल्या ओव्हनमध्ये इंचभर जाडीला दहा मिनिटं आणि गुंडाळलेला असेल तर आणखी पाच. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर वीसेक मिनिटं धरावीत. पुडी उघडून सुरीचं टोक काट्यापाशी खुपसावं: काचेसारखं दिसणारं मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटत असेल तर झालं. पानाऐवजी ॲल्युमिनियमचा कागद वापरायचा मोह होईल, पण आंबट आणि मीठ त्या धातूवर चढतात. कागद वापरायचाच तर आत पान हवं.

यात तर्री कुठे आहे, असं वऱ्हाडी माणूस विचारणार, आणि त्याचा तो हक्क आहे. तर्री यात नाही. पानात माशाचा रस आणि वाटण मिळून दाटसर अंगापुरता रस उरतो, ज्वारीच्या भाकरीला तो पुरतो. ज्याला वाटीभर रस्सा ओरपायचाय त्याने रविवारची वाट पाहावी. विजेचा आक्षेप हिशेबात टिकत नाही. दीड हजार वॉटचा ओव्हन अर्धा तास सलग चालला तरी पाऊण युनिट वीज होते, आणि ठरलेलं तापमान आलं की तो मधूनमधून बंदही होतो. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना स्वयंपाकघरात आणखी उष्णता नको, हे खरं. ती पाऊण युनिटाची ऊब घरातच राहते, पण निदान कढईवर वाकून कोणी उभं नसतं. ओव्हनच नाही, ही अडचण मात्र खरी. ज्यांच्याकडे कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह फक्त दूध-भाजी गरम करण्यापुरता पडून आहे त्यांचं काम त्यावर भागतं. बाकीच्यांनी पुडी जाड तव्यावर मंद आचेत, वर जड झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी आठ-दहा मिनिटं भाजावी. पान करपेल, मासा करपणार नाही.

काट्यांची भीती लहान मुलांच्या घरात रास्त आहे. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुफाट्या काट्यांची रांग असते आणि भाजल्याने ती जात नाही. दोन किलोच्या वरचा मासा घेतला तर काटे मोठे, नजरेला दिसणारे असतात. त्यातही कटल्याचे पोटाकडचे तुकडे मागून घ्यावेत. जमलं तर मरळ घ्यावा. तो हवेतही श्वास घेतो, म्हणून बाजारात जिवंत मिळतो, आणि त्याच्या मांसात बारीक काटे फारसे नसतात. भाव रोहूपेक्षा चढा असतो. मांस घट्ट असल्यामुळे पुडी दोन-तीन मिनिटं जास्त ठेवावी लागते.