गाडीवरून पडला, उठून बसला... तरी चोवीस तास नजर ठेवा! डोक्याचा मार कसा ओळखायचा?

राजूर (ता. अकोले) : पावसाळ्यात विठे घाटात किंवा भंडारदऱ्याच्या रस्त्याला मोटारसायकल घसरली, ही बातमी आता नवीन राहिलेली नाही. आवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर येतो, धुक्यात वळण दिसत नाही आणि गाडी सटकते. पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, "काय नाय झालं, बरंय" म्हणतो. जमलेली माणसं त्याला पाणी पाजतात, गाडी उभी करून देतात आणि घरी लावून देतात.

हात-पाय मोडला तर लगेच कळतं. डोक्याच्या आतला मार मात्र कधी कधी तासा-दोन तासांनी, कधी रात्री झोपेत वर येतो. तोवर दवाखाना लांब राहिलेला असतो.

आत नेमकं काय होतं?

मेंदू कवटीत बंद असतो आणि कवटी काही फुगत नाही. कानशिलाजवळचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकलं की ती फाटू शकते. रक्त आत साचत जातं. सुरुवातीला माणूस बोलतो, चहा मागतो, घरी फोनही करतो. साचलेल्या रक्ताचा दाब मेंदूवर आला की डोकं ठणकतं, उलट्या होतात, झापड येते आणि तो बेशुद्ध होतो. मधला हा 'बरा वाटण्याचा' काळ काही मिनिटांचा असतो किंवा काही तासांचा. याच काळात तो मोठ्या दवाखान्यात पोचला आणि रक्त काढलं गेलं, तर माणूस अगदी चांगला बरा होऊ शकतो.

मार्च २००९ मध्ये नताशा रिचर्डसन ही इंग्लंडची प्रसिद्ध अभिनेत्री कॅनडात बर्फावर घसरण्याचा खेळ शिकताना पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ती उठली, मला काही झालं नाही म्हणाली. आलेली ॲम्ब्युलन्स रिकामी परत गेली. काही तासांत डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांनी ती गेली. कारण हेच, कवटीच्या आत साचलेलं रक्त.

आणखी एक गोष्ट. डोक्याची कातडी थोडी फाटली तरी रक्त भळाभळा येतं, लोक घाबरतात. पण बाहेर किती रक्त आलं यावरून आतला मार कळत नाही. एक थेंबही रक्त न येता आत मोठी इजा झालेली असू शकते.

रस्त्यावर पहिल्यांदा काय बघायचं?

आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा, नाहीतर दुसरा अपघात व्हायचा. एकाने लगेच १०८ ला फोन लावावा. डोक्याला मार आहे, शुद्धीवर आहे की नाही, जवळचं गाव किंवा किलोमीटरचा दगड कोणता, हे सांगावं. घाटघर-रतनवाडीकडं रेंज नसेल तर एकाला रेंजच्या जागेवर पिटाळा. मग ह्या गोष्टी बघा :

१) श्वास चालू आहे का? छाती वर-खाली होते का, तोंडात रक्त, उलटी किंवा तुटलेला दात अडकलाय का?

२) शुद्ध किती आहे? स्वतःहून डोळे उघडून बोलतो, का हाक मारल्यावरच ओ देतो, का चिमटा काढल्यावरच हलतो, का कशालाच दाद देत नाही? यातली कोणती पायरी आहे आणि किती वाजता होती, हे लक्षात ठेवा. पाच-दहा मिनिटांनी परत बघा. पायरी खाली गेली तर आत काहीतरी वाढतंय असं समजा.

३) नाव, गाव, आज वार कोणता, कुठून निघाला होता, हे विचारा. अपघात कसा झाला ते आठवत नसेल, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर मेंदूला धक्का बसलाय.

४) दोन्ही हात-पाय सारखे हलतात का? एका बाजूची ताकद कमी वाटते का?

दारूचा वास आला म्हणून सोडू नका

इथं सगळ्यात मोठी चूक होते. तोंडाला वास आला की लोक म्हणतात, "पिलाय, पडू द्या, सकाळी उतरंल." अडखळत बोलणं, उलटी, गुंगी ही लक्षणं दारूचीही आहेत आणि मेंदूत रक्त साचल्याचीही. रस्त्यावर उभं राहून दोन्हीतला फरक डॉक्टरलाही सांगता येत नाही. त्यामुळे पिलेला माणूस डोक्यावर पडला असेल तर त्याला दवाखान्यात नेण्याची गरज जास्तच आहे.

हे करू नका

शुद्ध नीट नसलेल्या माणसाला पाणी, चहा काही पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमेत हळद, कॉफी पावडर भरू नका. स्वच्छ कापडाने दाबून धरा, पण हाड आत दबल्यासारखं वाटलं तर तिथं जोर देऊ नका. नाकाकानातून रक्त किंवा पाणी येत असेल तर बोळा कोंबू नका.

हेल्मेट ओढून काढू नका. मानेचं हाड मोडलेलं असेल तर त्या एका हिसक्याने माणूस कायमचा लुळा पडू शकतो. श्वास अडत असेल तरच, एकाने मान आणि डोकं स्थिर धरून दुसऱ्याने हळूहळू काढावं. उलटी होत असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवा.

आणि आपल्याकडं नेहमी दिसतं ते, जखमीला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेणं. मान लटकत राहते, श्वास कोंडतो. ॲम्ब्युलन्सला फारच वेळ लागणार असेल तर जीप किंवा पिकअपमध्ये फळीवर आडवं ठेवून न्या, एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं.

ही लक्षणं असतील तर घरी नेऊच नका

- थोडा वेळ का होईना, बेशुद्ध पडला होता
- दोन किंवा जास्त वेळा उलटी
- वाढत जाणारी डोकेदुखी, झापड
- झटका येणं
- एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसणं
- नाकातून, कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव
- दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं होणं (हे काही तासांनीही दिसू शकतं)
- वय ६५ च्या पुढं, किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू

राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात पहिले उपचार होतात. पण सिटी स्कॅन आणि मेंदूच्या ऑपरेशनसाठी बहुतेक वेळा संगमनेर, लोणी किंवा नाशिक गाठावं लागतं. अकोल्यापर्यंतच वीस-बावीस किलोमीटर, तिथून पुढं संगमनेर जवळपास तेवढंच. म्हणून 'थोडं थांबून बघू' हा विचार इथल्या माणसाला परवडत नाही.

चिठ्ठीवरचा 'जीसीएस' म्हणजे काय?

रेफर करताना डॉक्टर चिठ्ठीवर 'जीसीएस १४' असं काही लिहितात. १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी काढलेलं हे मोजमाप आहे. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६, असे जास्तीत जास्त १५ गुण. कमीत कमी ३. तेरा ते पंधरा म्हणजे सौम्य, नऊ ते बारा मध्यम, आठ किंवा खाली म्हणजे गंभीर. पुढच्या डॉक्टरांना आकडा चढतोय की उतरतोय हे त्या चिठ्ठीवरून कळतं. ती हरवू नका.

डॉक्टरांनी घरी सोडलं तर

निदान चोवीस तास एक माणूस जवळ पाहिजे. झोपायला हरकत नाही, पण डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं रात्री उठवून नाव-गाव विचारा. उठवता उठेना तर लगेच न्या. दारू नको, गाडी चालवणं नको, मनाने वेदनेच्या गोळ्या नकोत. म्हाताऱ्या माणसांत रक्त इतकं हळू साचतं की काही आठवड्यांनी चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा असं दिसतं. तेव्हा जुनं पडणं डॉक्टरांना जरूर सांगा.

पोलिसांची आणि पैशाची भीती

"आपल्यामागं लफडं लागंल" म्हणून लोक हात लावत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या 'राहवीर' योजनेत २५ हजार रुपये बक्षीस आहे. आधी उपचार, पोलिसी कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ठरवलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार बिनपैशाचे मिळतात. भरती करतानाच विचारा.

आणि हेल्मेट

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेली ५०,०२९, आणि त्यात १४,३३७ जण मागं बसलेले होते. कायद्याने हेल्मेट दोघांनाही आहे, नसेल तर हजार रुपये दंड. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधीच उडून जातं, त्याचा उपयोग नाही.

राजुरात बाजाराला येताना गाडीच्या आरशाला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर घ्या, पट्टा लावा. आणि रस्त्यात कोणी पडलेला दिसला, तो कितीही "बरंय" म्हणाला, तरी त्याला एकट्याला घरी जाऊ देऊ नका.